आठवी-नववीच्या मुलांसाठी एआयचा ऑनलाइन कोर्स: मुलं टिकतील असा कसा करावा?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

सातारा-सांगली भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळांसाठी आम्ही काही मित्रमैत्रिणी विज्ञानाचे छोटे उपक्रम करतो. यंदा काही मुख्याध्यापकांनी स्वतःहून विचारलं, "एआयवर काही करता का? पोरं वापरायला लागलीत आणि आम्हालाच कळत नाही काय सांगायचं." आमच्यातले निम्मे नोकरीमुळे पुण्यात, शाळा डोंगरात विखुरलेल्या, म्हणून कोर्स ऑनलाइन करायचं चाललंय. आठवी-नववी, मराठीतून, फुकट.

कच्चा आराखडा असा: आठ भाग. पहिल्यात एआय म्हणजे काय, व्याख्या, १९५६ ची डार्टमथची परिषद (एआय या विषयाची सुरुवात मानतात ती) आणि पुढचा इतिहास. दुसऱ्यात प्रकार. तिसऱ्यात मशीन लर्निंग (मशीन उदाहरणांवरून कसं शिकतं ते), चौथ्यात न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेली रचना), मग उपयोग, धोके, नीतिमूल्यं, शेवटी प्रकल्प. दर भागाला पाऊण तासाचा व्हिडिओ, खाली दहा बहुपर्यायी प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र.

लिहितानाच जांभई येतेय. मुलं दुसऱ्या भागापर्यंत तरी येतील का? काय काढू, काय घालू? शिक्षक, पालक, आयटीवाले, सगळ्यांनी बिनधास्त लिहा.

रिकामटेकडा

पहिला! आता वाचतो.

रिकामटेकडा

वाचलं. मुलं दुसऱ्या भागापर्यंत येतील का विचारताय, मी तुमच्या दुसऱ्या परिच्छेदातच गळालो. (हलके घ्या.)

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, आठवीचा वर्ग माझ्याकडे. म्हणून जरा सविस्तर.

आधी फोनचं बघा. घरात फोन असणं वेगळं आणि मुलाच्या हातात असणं वेगळं. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, पण त्यांच्यातली स्वतःचा फोन असलेली साधारण तिनात एक. माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरांत फोन वडिलांच्या खिशातून शेतावर जातो आणि दिवेलागणीला परत येतो. मग मोठ्या भावाचा नंबर, मग धाकटीचं कार्टून. त्यातून चार्जिंग उरलं तर तुमचा कोर्स. त्याच पाहणीत आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काहीतरी केलेली मुलं ५७ टक्के आणि समाजमाध्यमं बघितलेली ७६ टक्के. स्पर्धा रील्सशी आहे हे धरूनच चाला.

दुसरं, व्याख्या. आमच्या मुलांना व्याख्या दिली की ती वहीत उतरते, पाठ होते आणि विषय संपतो. "एआयची व्याख्या सांगून दोन उदाहरणे लिहा. (गुण ३)". १९५६ सालावाचून आठवीतल्या पोराचं काही अडत नाही, तो भाग बिनदिक्कत उडवा.

आणि मुलं वापरतायत हे शंभर टक्के खरं. 'माझा आवडता ऋतू' या निबंधाची एकाने सुरुवात केली होती: "मी एक एआय भाषा मॉडेल असल्यामुळे मला वैयक्तिक आवडनिवड नाही, तरीही पावसाळा हा..." सुवाच्य अक्षर, समास सोडून.

रिकामटेकडा

समास सोडून!! खिक्. अक्षराचे पूर्ण गुण द्या त्याला.

भैरवी

खडूफळा सरांना +१००.

कंपन्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यातलं थोडं सांगते. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ सत्रांचा अभ्यास झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, माणसं सरासरी सहाएक मिनिटांच्या पुढे टिकत नव्हती. आणि ती मोठी माणसं, आपणहून नाव नोंदवलेली. त्यातलंच आणखी एक निरीक्षण: चकाचक स्लाइड्सपेक्षा कोणीतरी हाताने लिहीत, आकृती काढत समजावतंय असे व्हिडिओ लोक जास्त बघत होते. म्हणजे तुमचा खर्चही वाचला. वही, पेन, वरून धरलेला फोन, बस्स.

बहुपर्यायी प्रश्न शेवटी ठेवू नका, आधी ठेवा. 'आता मशीन काय उत्तर देईल?' असं विचारायचं, मुलाने अंदाज बांधायचा आणि मग दाखवायचं. अंदाज चुकला की कुतूहल जागं होतं, बरोबर आला की पोरगं खूश. रोडिगर आणि कार्पिकी यांचे २००६ चे प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतात. धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न करणाऱ्यांना आठवड्याने जास्त आठवत होतं. तेव्हा दर भागाच्या सुरुवातीला मागच्या भागातलं एक काहीतरी न बघता आठवायला लावा.

आठ भागांचे चार करा, हे वेगळं सांगायला नकोच.

टेक_गणू

मी जरा विरोधी सूर लावतो.

सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला एआय हा ऐच्छिक विषय आणला, विषय क्रमांक ४१७. शहरातली मुलं त्यात डेटा, मॉडेल, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतात. आणि आपल्या मराठी शाळांतल्या मुलांना काय, तर सहा मिनिटांच्या गमतीजमती? न्यूरल नेटवर्क अवघड आहे म्हणून काढून टाकायचं हा मला त्यांच्या बुद्धीचा अपमान वाटतो. मी स्वतः तालुक्याच्या शाळेत शिकलो. आम्हाला कोणी 'तुम्हाला हे झेपणार नाही' म्हटलेलं आवडायचं नाही.

दुसरा मुद्दा: उद्या नोकरीत लागणार आहे ते हे साधन नीट वापरता येणं. प्रॉम्प्ट, म्हणजे मशीनला द्यायची सूचना, कसा लिहायचा यावर किमान दोन भाग हवेतच.

खडूफळा

गणूशेठ, अपमान कोणी केला? व्याख्या आणि इतिहास उडवा म्हटलं. मशीन कसं शिकतं हे कळायलाच हवं, फक्त ते पाऊण तासाच्या भाषणाने कळेल का एवढाच माझा प्रश्न. पायथनचं म्हणाल तर आमच्याकडे चालू संगणक किती ते विचारू नका.

हेलसिंकीकर

इथे फिनलंडमध्ये राहतो, म्हणून 'एलिमेंट्स ऑफ एआय'बद्दल लिहायलाच हवं. हेलसिंकी विद्यापीठ आणि रिअॅक्टर ही कंपनी यांनी मिळून मे २०१८ मध्ये हा फुकट कोर्स काढला. देशातल्या एक टक्का लोकांना, म्हणजे ५५ हजारांना, एआयची तोंडओळख करून द्यायची असं उद्दिष्ट होतं. ते कधीचंच पार झालं. २०१९ च्या अखेरीस, युरोपीय संघाचं अध्यक्षपद फिनलंडकडे असताना, त्यांनी तो संघाच्या सगळ्या अधिकृत भाषांत आणायचं जाहीर केलं.

मी तो पूर्ण केला आहे. गंमत म्हणजे त्यात व्हिडिओ जवळपास नाहीतच. साधा मजकूर, चित्रं आणि मध्ये मध्ये कोडी. सहा प्रकरणं, प्रोग्रामिंग शून्य. पण टेक_गणूंना बरं वाटेल, त्यात बेजचा नियम (संभाव्यतेच्या गणितातला) आहे, न्यूरल नेटवर्कही आहे, आकडेमोड करावी लागते. काही प्रश्नांना चार ओळी लिहून उत्तर द्यायचं आणि मग इतरांची उत्तरं तपासायची. प्रमाणपत्राची अट छान आहे: नव्वद टक्के स्वाध्याय करायचे, त्यातले निम्मे बरोबर यायला हवेत. चुकायला भरपूर जागा, पण टाळायला नाही.

मात्र तो प्रौढांसाठी आहे. आठवीच्या मुलाला जसाच्या तसा देऊ नका. मजकुराचा वेग आणि अट एवढंच उचला.

पाटीपेन्सिल

अरे वा, इतके प्रतिसाद! भैरवीताई, 'आधी अंदाज' पक्कं. हेलसिंकीकर, अट पण उचलली. गणूदादा, पायथन शक्य नाही, पण मशीन कसं शिकतं हा भाग मलाही सोडायचा नाहीये. तो फोनशिवाय शिकवता येईल का कोणाला?

निवृत्त_प्राध्यापक

येईल. काड्यापेट्या गोळा करा.

चेष्टा करत नाही. डोनाल्ड मिची हे ब्रिटिश शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम करत होते. १९६१ मध्ये त्यांनी फुल्ली-गोळा खेळणारं 'यंत्र' केलं, ३०४ काड्यापेट्यांचं. त्याचं नाव मेनेस. प्रत्येक पेटीवर पटाची एक स्थिती, आत रंगीत मणी, प्रत्येक रंग म्हणजे एक खेळी. यंत्राची पाळी आली की त्या स्थितीची पेटी हलवायची, जो मणी निघेल ती खेळी करायची. डाव जिंकला तर वापरलेल्या पेट्यांत त्या त्या रंगाचे तीन मणी जादा टाकायचे, बरोबरीत सुटला तर एक, आणि हरला तर निघालेला मणी जप्त. डाव होत जातात तशा वाईट खेळ्या पेट्यांतून आपोआप नाहीशा होतात. आत बुद्धी नाही, वीज नाही, नियम 'कळलेला' कोणी नाही, तरी समोरचा हरायला लागतो किंवा डाव बरोबरीत सुटतो.

३०४ पेट्या शाळेला जड जातील. त्यावर उपाय मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात दिला. तीन बाय तीनचा पट, दोन्हीकडे तीन-तीन प्यादी. प्यादं सरळ एक घर पुढे जातं आणि तिरकं मारतं. जो पलीकडच्या टोकाला पोचतो, समोरच्याची सगळी प्यादी मारतो किंवा त्याची वाट अडवतो तो जिंकला. याला हेक्सापॉन म्हणतात आणि यंत्राला फक्त २४ पेट्या लागतात. यंत्र नेहमी दुसरं खेळतं. हरलं की शेवटच्या खेळीचा मणी काढून घ्यायचा, एवढीच 'शिकवणी'. या खेळात दुसरा खेळणारा अचूक खेळला तर जिंकतोच, त्यामुळे मुलं सुरुवातीला यंत्राला हरवतात आणि तास संपेपर्यंत यंत्र त्यांना हरवायला लागतं. मी महाविद्यालयात हे करून घ्यायचो, मोठी मुलंसुद्धा पेट्यांवर चिडायची.

पटावर बाटलीची झाकणं किंवा चिंचोके चालतात.

रिकामटेकडा

आमच्या घरी २४ काड्यापेट्या एकदम आणल्या तर आई अग्निशमन दलाला बोलावेल.

सूक्ष्मदर्शी

प्राध्यापक साहेब, वाखूसा (वाचनखूण साठवली)! टेक_गणू, बघा, न्यूरल नेटवर्क न म्हणता प्रशिक्षण, बक्षीस, शिक्षा सगळं आलं. यानंतर 'खऱ्या मॉडेलमध्ये मण्यांच्या जागी कोट्यवधी आकडे असतात आणि ते असेच थोडेथोडे सरकवले जातात' हे वाक्य मुलाला अर्थासकट कळेल.

टेक_गणू

हे आवडलं, मान्य. चोवीस पेट्यांच्या बाजूला फक्त मोजणीचा तक्ता ठेवा. डाव क्रमांक, कोण जिंकलं, कुठला मणी काढला. मग आलेख काढायला लावा. तिथे डेटा आला, पायथन नसला तरी चालेल.

प्रॉम्प्टचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे मुख्यमंत्र्यांच्या कोडिंग आणि रोबोटिक्स योजनेखाली शाळांत स्क्रॅच (ठोकळे जोडून करायचं कोडिंग) वगैरे शिकवतात. माझ्या बघण्यात आलेली गोष्ट अशी की साहित्य कुठलं यापेक्षा त्या दिवशी वर्गात कोण उभं आहे त्यावर सगळं ठरतं. तुमचा कोर्स ऑनलाइन असला तरी प्रत्येक शाळेत एक माणूस हवा. शिक्षकांवर आधीच शंभर कामं, तेव्हा गावातली बारावी झालेली ताई-दादा शोधा. त्यांना आधी शिकवा आणि थोडंफार मानधन द्या.

खडूफळा

मांडवीकाठ, "शिक्षकांवर आधीच शंभर कामं" हे वाक्य फ्रेम करून लावतो.

वऱ्हाडी_ठसा

काहून राजेहो, सगळे पेट्या अन् मणी घेऊन बसले! मशीनची खरी मजा घ्यायची तर त्याले आपल्या गावचं विचारा.

मी भाच्यांसोबत केलं. चॅटबॉटला आमच्या गावाच्या ग्रामदैवताची यात्रा कधी असते, ती कशी सुरू झाली असं विचारलं. पठ्ठ्यानं क्षणाचाही विलंब न लावता तिथी सांगितली, राजा सांगितला, दंतकथा सांगितली. सगळं खोटं, पण भाषा अशी की जणू बखर वाचतोय. भाचरं आधी गप्प, मग जोरात हसली, मग धाकटी म्हणाली, "मामा, याले काहीच नाही माहीत अन् याले तेही माहीत नाही." अर्धा दिवस मग तोच खेळ: आपल्या शाळेचं विचार, नदीचं विचार, बाजाराचा वार विचार. काही उत्तरं बरोबर निघाली, तेव्हा 'हे कसं काय माहीत?' याचाही शोध सुरू झाला.

दुसरं, बोलून टाइप करायची सोय. आमच्या आईनं तिच्या बोलीत मेसेज सांगितला तर 'पोट्टे'चं 'पोट' झालं अन् 'कोठी चालला'चं काय झालं ते इथं लिहिता येत नाही. प्रमाण मराठीत सांगितलं की बरोबर. हे मुलांना करून बघू द्या. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, ज्याची जी घरची बोली.

भैरवी

वऱ्हाडी_ठसा, सुरुवात इथूनच व्हायला हवी! पहिल्याच दिवशी मुलाला अशा ठिकाणी उभं करायचं जिथे त्याला मशीनपेक्षा जास्त माहीत आहे. आपले बहुतेक कोर्स मुलाला 'तुला काही येत नाही, आता आम्ही शिकवतो' तिथून उचलतात. इथे मूल परीक्षक होतं. आणि खरंखोटं ठरवायला त्याला गुरवाकडे, सरपंचाकडे, आजीकडे जावं लागतं, म्हणजे पडताळणी करायलाही ते आपोआप शिकतं.

पाटीपेन्सिल, हा पहिला भाग करा, पेट्या दुसऱ्यात घ्या. बाकीचे या दोन्हींना धरून ठरवा.

सूक्ष्मदर्शी

+१. आणि बोलीचा प्रयोग झाला की पुढचा प्रश्न सहज येतो: असं का? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी आहेत, पण इंटरनेटवर मराठी मजकूर त्या मानाने अगदी कमी, आणि बोलींतला तर नगण्य. जे वाचलंच नाही ते मशीन कुठून सांगणार? पक्षपात हा शब्द न वापरता मुलांना पक्षपात कळेल.

मोठ्या मुलांसाठी इथे खरा दाखला जोडता येईल. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. हा आकडा फळ्यावर लिहा आणि वर्गातल्या मुलींना विचारा, तुमच्यावर हे वापरलं तर?

शाळेत लॅपटॉप असेल तर गूगलचं टीचेबल मशीन घ्या. ब्राउझरमध्ये चालतं, कोड लागत नाही, आणि फोटो मुद्दाम सेव्ह केल्याशिवाय संगणकाबाहेर जात नाहीत. मुलांकडून मेथी आणि कोथिंबीर ओळखणारं मॉडेल करून घ्या. मेथीचे सगळे फोटो स्टीलच्या ताटात, कोथिंबिरीचे वर्तमानपत्रावर काढायला सांगा, कारण सांगू नका. मग कोथिंबीर ताटात ठेवा आणि मजा बघा. मोबाईलवर मात्र ते कुरकुरतं.

पुणेरी_पालक

हे सगळं ठीक. पण पालकांची खरी काळजी वेगळी आहे. मुलं गृहपाठ याच्याकडून करून घेतात. कॉपी पकडणारी सॉफ्टवेअर असतात, ती शाळांना द्यावीत. कोर्समध्ये पहिल्यांदा 'हे वापरून अभ्यास करणे ही फसवणूक आहे' हे ठणकावून सांगावं.

हेलसिंकीकर

पुणेरी_पालक, त्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात यंत्रांना, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल परीक्षेतले निबंध दिले. सरासरी ६१ टक्के निबंध 'मशीनने लिहिलेले' ठरले. साधं, मोजक्या शब्दांतलं इंग्रजी लिहिणं हाच गुन्हा. आपल्या मुलांचं इंग्रजी तिथे काय टिकणार?

पुणेरी_पालक

बरं, मग उपाय काय? नुसते दोष काढणं सोपं असतं.

खडूफळा

उपाय मी करतो तो सांगतो. निबंधाचा विषय बदलला. 'माझा आवडता ऋतू' ऐवजी 'आपल्या वर्गाच्या खिडकीतून दिसणारा पाऊस', वर्गात बसून, अर्ध्या तासात. घरी द्यायचाच असेल तर मशीनचा निबंध घेऊन या म्हणतो, आणि वर्गात लाल पेनाने तो मुलांनीच तपासायचा. 'पावसाळा हा ऋतूंचा राजा' हे वाक्य आलं की सगळा वर्ग एका सुरात "शून्य गुण!" ओरडतो. (ऋतूंचा राजा वसंत, हे त्यांना दुसऱ्या कुठल्याही धड्यातून इतकं पक्कं झालं नसतं.)

फसवणूक म्हणून ठणकावलं की मुलं लपवायला शिकतात, एवढा माझा अनुभव.

कलमदवात

वकिली करते, म्हणून कोरडा पण महत्त्वाचा मुद्दा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्याचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. नाव, फोटो, आवाज, मोबाईल नंबर यांतलं काहीही गोळा करण्याआधी दहादा विचार करा. माझा सल्ला: गोळाच करू नका. शाळेचं नाव आणि हजेरी क्रमांक पुरे, त्यांची यादी शिक्षकाकडेच राहू द्या.

चॅटबॉटवर मुलांची खाती उघडू नका. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान वय १३ सुचवलं आहे, आणि कंपन्यांच्या स्वतःच्या अटी असतात त्या वेगळ्या. वर्गात शिक्षकाचं एक खातं, मोठ्या पडद्यावर, प्रश्न मुलांचे. वऱ्हाडी_ठसा म्हणतात तो यात्रेचा खेळ तसाच रंगेल, उलट जास्त.

आणि जाता जाता आमच्या धंद्यातलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले. पाच हजार डॉलर दंड झाला. पडताळणीच्या भागात ही गोष्ट घाला. मोठी शिकलेली माणसं फसतात हे ऐकायला मुलांना फार आवडतं.

रिकामटेकडा

वकीलसुद्धा गृहपाठ कॉपी करतात हे वाचून आनंद झाला.

टेक_गणू

आता माझं प्रॉम्प्टचं ऐका. 'जादुई शब्द' शिकवा असं मी म्हणत नाहीये, ते दर सहा महिन्यांनी बदलतात हे मलाही माहीत आहे. पण नीट प्रश्न विचारणं हे कौशल्य आहे की नाही? उदाहरण घ्या. 'अपूर्णांक समजाव' असं विचारलं तर बोजड उत्तर येतं. 'मी आठवीत आहे, मला भागाकार येतो पण छेद वेगळे असले की बेरीज चुकते, एक गणित दे, उत्तर सांगू नकोस, माझं चुकलं तर कुठे ते विचार' असं म्हटलं तर घरबसल्या शिकवणी. ज्या मुलाला क्लासची फी परवडत नाही त्याच्यापासून हे का लपवायचं? इथे बहुतेक जण मशीन कसं चुकतं त्यावरच खूश दिसतायत.

निवृत्त_प्राध्यापक

टेक_गणू यांचा मुद्दा वजनदार आहे. फक्त त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे पुन्हा बघा. आपलं कुठे अडतं हे त्या मुलाला आधीच माहीत आहे, म्हणून तो असं विचारू शकला. ते ओळखायला शिकवणं हा प्रॉम्प्टचा धडा, आणि तो कुठलंही साधन न उघडता वहीवर होतो: 'मला नक्की काय कळलेलं नाही' हे दोन वाक्यांत लिहा. नंतर ते मशीनला विचारा.

टेक_गणू

चालेल. पण 'नंतर मशीनला विचारा' हे गाळू नका म्हणजे झालं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. आमची काल बैठक झाली, जुना आराखडा केराच्या टोपलीत. नवा असा:

चार भाग, दर भाग एका आठवड्याचा. व्हिडिओ पाच मिनिटांच्या आत, व्हॉट्सअॅपवर शिक्षकांकडे आणि पेनड्राइव्हवरही. पहिला आठवडा 'आमचं गाव': पडद्यावर प्रश्न, घरी जाऊन पडताळणी, परत येऊन बरोबर-चूक-माहीत नाही अशा तीन रकान्यांत नोंद. दुसरा आठवडा पेट्या आणि मणी, गणूदादांच्या तक्त्यासकट. तिसरा आठवडा बोलीचा प्रयोग, जिथे लॅपटॉप आहे तिथे मेथी-कोथिंबीर, आणि ३४.७ चा आकडा. चौथा आठवडा 'मला काय कळलं नाही' आणि मग मशीनशी अभ्यास. नावं, नंबर काही घेणार नाही. प्रत्येक शाळेत एक ताई किंवा दादा, त्यांचं प्रशिक्षण आधी.

एक अडलंय. मूल्यमापन कसं करू? मुख्याध्यापकांना गुण हवेत, प्रमाणपत्र हवं.

भैरवी

प्रमाणपत्र द्या की, मुलांना भिंतीवर लावायला आवडतं. अट हेलसिंकीवाली. गुण मात्र नोंदींना द्या, उत्तरांना नको. गावाच्या तक्त्यात 'कोणाला विचारलं' हा चौथा रकाना घाला आणि त्यालाच सगळ्यात जास्त वजन.

हेलसिंकीकर

एकमेकांचं तपासणंही ठेवा. एका शाळेच्या मुलांनी दुसऱ्या गावाबद्दलची मशीनची उत्तरं वाचून कुठे संशय येतो ते खुणवायचं. खरं उत्तर त्या दुसऱ्या गावाकडे असतंच. ऑनलाइन असण्याचा खरा फायदा इथे आहे, नाहीतर हे सगळं एका वर्गातही झालं असतं.

खडूफळा

ही कल्पना भारी आहे. सहामाही परीक्षा झाली की आमच्या शाळेत आधी करून बघा. वर्गात ३४ मुलं, एक प्रोजेक्टर, तो पावसाळ्यात रुसतो पण तोवर पाऊस उघडलेला असेल. दोन गट करू. आमच्या एका गटाला तुम्ही पेट्या जुळवायला शिकवा, तो दुसऱ्या गटाला शिकवेल.

पुणेरी_पालक

पालकांसाठीही एखादा भाग काढा. मुलगा मला शिकवायला लागण्याआधी.

रिकामटेकडा

उशीर झालाय काका.

मांडवीकाठ

पाटीपेन्सिल, तक्ते आणि पेट्यांवर चिकटवायच्या २४ आकृत्या तयार झाल्या की इथे टाकाल का? आमच्याकडच्या एका मराठी शाळेत वापरायच्या आहेत. मजकुरात थोडे बदल करावे लागतील, चालेल ना?

पाटीपेन्सिल

जरूर. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली ठेवतोय, हवे ते बदल करा. आकृत्या प्राध्यापक साहेब एकदा तपासून देतो म्हणालेत, त्यानंतर याच धाग्यात दुवा देते.